बोटावरचं पाणी

मी थापाड्या म्हणून ओळखला जातो, तरी ऐका. समुद्राचं खारं पाणी पत्रा खातं, म्हणून आमचं जुनं जहाज गोड्या तळ्यात आणून त्याचं संग्रहालय केलं होतं. मी त्याचा राखणदार. रोज तळाशी झिरपलेलं पाणी बोटाने चाखायचो. गंजाची चव आली की पत्रा बदलायचा.

निवृत्तीच्या दिवशी गुडघे पार बोलत होते. बायको न्यायला धक्क्यावर उभी होती; तिचा भाऊ मला आधार द्यायला जहाजाच्या तळाशी उतरला होता. शेवटचं म्हणून चाखलं, तर पाणी खारट.

"दाजी, तुमचाच घाम असेल," मेहुणा हसला. मग त्यानेही चाखलं आणि लगेच थुंकून टाकलं.

तेवढ्यात जहाज संथपणे वर उचललं गेलं आणि खाली बसलं.

मेहुणा जिना चढून वर गेला. चारी कठड्यांवरून बघून त्याने वरूनच विचारलं, "दाजी, ताई उभी होती तो धक्का कुठल्या बाजूला होता?"