डबीतलं बालपण

दसऱ्याच्या पूजेला श्रीरंगने पाटावर घरातली सगळी यंत्रं मांडली. त्यात ती काळी डबीही होती. नवं काही निघालं की सगळ्यांच्या आधी घ्यायची त्याला हौस. डोकं हलकं व्हावं म्हणून त्याने बालपणाच्या सगळ्या आठवणी या डबीत काढून ठेवल्या होत्या. पुढे डबी बनवणारी कंपनी बुडाली. आता डबी उघडणारं यंत्रच कुठे मिळत नव्हतं.

"ताई, आपला पहिला कॉम्प्युटर आला, ते सांग ना," तो थकल्या आवाजात म्हणाला.

"दर दसऱ्याला काय रे तेच! पूजेचा नारळ फोडलास आणि पाणी थेट कीबोर्डवर. वाटलं, बाबा आता बदडणार. तर ते पोट धरून हसत सुटले."

ताईने डबीला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"कसे हसायचे गं बाबा?" त्याने विचारलं.