कुठल्या बाटलीतली?

"ह्या सुईनं कूस बंद पडती म्हनं," चिमणाबाई दारातच थांबून म्हणाली. पोट पुढं आलेलं. बावड्यात, तिच्या गावी, लस टोचायला आलेल्या नर्सबाईला तिनं दारातनंच परत पाठवलं होतं. म्हणून शेजारचा सिकंदर तिला आपल्या कामावर, कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत, घेऊन आला होता.

"वैनी, हिकडं बघा." सिकंदरनं एक पिंजरा पुढं ओढला. उंदरीच्या पोटाशी पिल्लं लुचत होती. "हिला धनुर्वाताची लस टोचलीया. तवाधरनं ही दुसरी वीण. पिल्लांस्नी धनुर्वाताचं इख दिलंय, तरी बघा कशी पित्यात."

चिमणाबाईची नजर शेजारच्या पिंजऱ्यावर गेली. तिथलं पिल्लू ताठ झालं होतं, कमानीसारखं मागं वळलेलं. आई त्याला पोटाखाली ओढत होती. त्याचं तोंड उघडत नव्हतं.

चिमणाबाईचा हात छातीशी गेला. तिचं पहिलं पोर असंच गेलं होतं. दुधानं चोळी भिजत होती, आणि त्याचे ओठ मिटलेले.

"हिला न्हाई टोचली?"

"टोचली की. पण नुसतं मिठाचं पाणी," टेबलाशी बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकीला लस, एकीला पाणी. त्याशिवाय फरक कसा कळणार?"

"आनि बाटल्या?"

"दिसायला सारख्याच."

चिमणाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. "बायकांच्यात कुणाला लस, कुणाला पानी, हे कोण ठरवतंय?"

"अगं, बायकांना सगळ्यांना लसच."

"त्या उंदरीला बी असंच सांगितलं आसल तुम्ही."

सिकंदर हसला. ती गर्रकन वळली. "दात काय काढतोस? तुझी बेगम बी पोटुशी हाय. तिला टोचलीस?"

सिकंदरनं पिंजऱ्याची कडी उगीच काढली, परत लावली.

"न्हाई अजून."

"का?"

सिकंदर परत कडीशीच चाळा करू लागला.

"जा, घिऊन ये तिला. दोघींस्नी एकाच बाटलीतली. आधी तिला." तिनं टेबलावरची लसीची बाटली उचलली. "मी हितंच बसतो. तवर ही माझ्या मुठीत."

"अगं, उबेनं वाया जाईल ती!" बाई उठल्याच.

चिमणाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यात बर्फाचं भांडं होतं. तिनं बाटलीसकट मूठ त्यात खुपसली.

बाहेर सिकंदरची सायकल खडखडत गेली. बावडा काही हाकेवर नव्हता. बोटं आधी झोंबली, मग लाल झाली, मग तिची राहिलीच नाहीत. बाई म्हणाल्या, "काढ गं हात." तिनं दुसरा हात पोटावर ठेवला, आणि बर्फातली मूठ आणखी आवळली.