आखूड चेंडू

वील्माचा चेंडू रेषेच्या वीतभर बाहेर पडला, आणि पंच लायोशकाका उंच खुर्चीवरून म्हणाले, "आत." त्यांचा चष्मा खिशात होता. बायका सामना बघायला आल्या की तो खिशातच असायचा.

तो गुण गेला असता तर सामना तिथेच संपला असता, आणि मार्गित बेटावरचं टेनिसचं अजिंक्यपद चाळिशीच्या वील्माकडून कोवळ्या पिरोश्काकडे गेलं असतं. पंचाशी हुज्जत घालणं बेटावर कुणाला शोभत नसे. ज्याला फुकटचा गुण मिळाला त्याने पुढचा सोडून द्यायचा, ही तिथली रीत. वील्माने पुढचा चेंडू सरळ जाळीत मारला. लोकांनी माना डोलावल्या.

आता पुन्हा पिरोश्काला एकच गुण हवा होता. तिने मुद्दाम चेंडू कुंपणापार, डॅन्यूब नदीच्या दिशेने भिरकावला.

वील्मा लंगडत जाळीपाशी आली. "हे काय होतं गं?"

"ताई, तुमचा शेवटचा सामना आहे. मला असं जिंकायला..."

"मी चुकून मिळालेला गुण परत दिला. तू भीक घालतेयस." वील्माने आवाज खाली आणला. "आणि सकाळपासून घालतेयस. एकदा तरी चेंडू जाळीजवळ टाकलास?"

पिरोश्काने मान खाली घातली. वील्माचा गुडघा गेल्यापासून तिला आखूड चेंडू कुणीच टाकत नसे. सगळ्या पोरी आदराने चेंडू अगदी तिच्या हाताशी आणून द्यायच्या. त्या आदराच्या जोरावर ती दोनदा अजिंक्य ठरली होती, आणि त्याचीच तिला इतकी शरम वाटे की हा सामना शेवटचा, असं तिने जाहीर करून टाकलं होतं.

"एकदा मला खेळाडूसारखं हरव, नाहीतर माझ्याकडून हर," वील्मा म्हणाली. "जा."

पुन्हा बरोबरी झाली होती, जिंकायला आता सलग दोन गुण लागणार होते. पिरोश्काने पहिला चेंडू जाळीजवळ अलगद टाकला, तेव्हा प्रेक्षकांत कुजबुज झाली. वील्मा निम्म्यापर्यंतच पोचली. दुसराही तसाच टाकला, तेव्हा एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "काय निर्दय पोरगी आहे." वील्मा लांब झगा एका हाताने सावरत धावली आणि आडवी झाली. रॅकेटचं टोक चेंडूला लागलं, पण चेंडू जाळीच्या अलीकडेच राहिला.

पिरोश्का धावत आली. "ताई, गुडघा?"

वील्माने मातीत बसल्या बसल्या तिचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"दुखतोय," ती म्हणाली. "देव तुझं भलं करो, पोरी. किती दिवसांनी खेळून दुखतोय."