चाकांखालची लिंबं

"बाबा, बर्फात आमच्या घराकडचा चढ तुमच्या गाडीला झेपायचा नाही," असं लेक दर हिवाळ्यात म्हणायची. म्हणून यंदा मिनेसोटातल्या नाडकर्णींनी चारही चाकांना जोर मिळणारी, दणकट इंजिनाची नवी फॅमिली कार घेतली.

बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. एरवी पुढच्या चाकांखाली दोन लिंबं ठेवतात. ही चारही चाकांनी ओढणारी, म्हणून त्यांनी चार ठेवली. गॅरेजचं दार उघडून इंजिन सुरू केलं आणि लेकीला फोन लावला.

"आता बर्फाची काळजी नको गं. निघतोच मी!"

"आत्ता नको, बाबा. उन्हाळ्यात बघू."

"बरं."

त्यांनी इंजिन बंद केलं. वाकून चारही लिंबं अख्खीच उचलली. त्यातलं एक दुपारी वरणभातावर पिळलं, उरलेली फ्रिजमध्ये ठेवली.