मागचा बाक

"ही चाल नको," म्बिरा या आपल्या वाद्याच्या लोखंडी पट्ट्यांवरून अंगठे उचलत फराई म्हणाला. "आमच्याकडे झिम्बाब्वेत ती गेलेल्या माणसांना बोलवायला वाजवतात. येऊन बसतात ते."

"बसू देत की! नाहीतरी शनिवारची तिकिटं कुठं खपलीयत?" ग्रॉन्या हसली.

लीड्समधल्या त्या चर्चच्या सभागृहात अजून दोघंच आले होते. बाकीच्या वादकांपैकी सीरियाचा, बंगालचा, कुणाचाच पत्ता नव्हता. फराईनं नाइलाजानं चाल धरली. ग्रॉन्यानं व्हायोलिन खांद्याला लावलं आणि बाबांनी लहानपणी शिकवलेली आयरिश नाचाची धून तिच्यात बेमालूम मिसळून दिली. त्यांचा वाद्यवृंद ओळखला जायचाच अशा मिसळणीसाठी.

वाजवणं थांबलं, तर मागच्या बाकावर दोन म्हातारे बसलेले. एकानं काठीवर हनुवटी टेकवली होती. त्या काठीवाल्यांना पाहताच फराई गुडघ्यांवर बसला आणि तळव्यांची ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवू लागला, घरातल्या थोरांपुढे वाजवतात तशा.

ग्रॉन्या मात्र दुसऱ्याकडे बघून खुलली. "अगं बाई, बाबा! येणार नाही म्हणाले आणि गुपचूप गॉलवेहून आले बघ. लबाड कुठले!"

फराईचे हात थांबले. "ग्रॉन्या, त्यांच्याशी शेवटचं कधी बोललीस?"

"आज सकाळी. का रे?"

व्हायोलिनच्या पेटीत तिचा फोन थरथरू लागला. आईचा होता.

मागच्या बाकावरून बाबांनी मानेनंच खुणावलं: उचलू नकोस, आणखी एकदा वाजव.