गव्हर्नरचा खानसामा

"सही तेवढी करा, चाचा," तुळसा म्हणाली आणि कागद ओट्यावर ठेवून दोन पावलं मागे सरली.

सुलेमानने कागदाला हात लावला नाही. त्यात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं. तुळसाचा नवरा काशीराम रत्नागिरीच्या तुरुंगात होता. पुढच्या महिन्यात त्याला फाशी व्हायची होती. मुंबईच्या लाटसाहेबाकडे दयेचा अर्ज जायचा होता. मेलेल्याच्या बापाने त्यावर सही केली तर साहेब विचार करील, असं वकिलाने तुळसाला सांगितलं होतं. मेलेला हमीद होता. सुलेमानचा एकुलता एक मुलगा.

हमीद आणि काशीराम एकाच मचव्यावरचे. आठ वर्षं पावसजवळच्या बंदरातून दोघं बरोबर समुद्रात जायचे. मचव्याचा तांडेल, म्हणजे नाखवा, कोणी व्हायचं यावरून बोलाचाली झाली. काशीराम राग गिळून घरी गेला आणि सकाळी कोयता घेऊन परत आला.

"तुमी साहेबलोकांत ऱ्हायलेले," तुळसा म्हणाली. "तुमचा शब्द त्यांना कळंल."

ते खरं होतं. तरुणपणी सुलेमान आगबोटीवर खलाशी होता. अमेरिकेच्या एका बंदरात तो बोटीवरून उतरला तो परत चढलाच नाही. हिंडत हिंडत डोंगराळ मुलखातल्या एका नव्या राज्यात पोचला आणि तिथल्या गव्हर्नरच्या घरी खानसामा झाला. परत आल्याला तीस वर्षं झाली होती आणि तीस वर्षं गाव त्याच्याकडून त्या गव्हर्नरची हकीकत ऐकत होतं. बारा वर्षांचा पोरगा, आईबापांबरोबर बैलगाडीतून पश्चिमेला निघालेला. वाटेत पटकीने बाप गेला, आठवड्याने आई. दोघांसाठी खड्डे त्यानेच खणले आणि गाडी पुढे हाकली. पुढे चांदीच्या खाणीत पहार मारली. खाणीतून वर आलं की कायद्याची पुस्तकं वाचली. जिथे ज्याच्या कमरेला पिस्तूल त्याचाच शब्द चालायचा, तिथे तो न्यायाधीश झाला आणि मग गव्हर्नर. नद्यांवर पूल बांधले, शाळा काढल्या. गव्हर्नर झाला तरी आपले बूट आपणच पुसायचा.

"आणि चार वर्षांत एकालाही फाशीतून सोडलं नाही," सुलेमान शेवटी सांगायचा. "एकालासुद्धा."

ऐकणारे माना डोलवायचे. माणूस असावा तर असा.

"कशी सही करू?" तो आता तुळसाला म्हणाला. "माझं पोर मातीत आहे."

तुळसाने वाद घातला नाही. कागद उचलला, घडी केली, पदराखाली धरला. पायरी उतरली आणि वळली.

"येक इचारू, चाचा? तुमच्या त्या गव्हर्नराकडं कुणाची बायको गेली न्हवती का कधी? की गेली, तरी त्यानं सोडलं न्हाय?"

तुळसा अंगण ओलांडून कुंपणाच्या गडग्यापाशी गेली. तिथून ती वळणार, तेवढ्यात सुलेमानने हाक मारली.

"कागद आण इकडे."

त्याने ओट्यावर बसून सही केली. त्याची बायको रहिमा दारात उभी राहून पाहत होती. ती आत गेली.

फाशीच्या पाच दिवस आधी तार आली. फाशी रद्द, जन्मठेप. काशीराम काळ्या पाण्यावर गेला. गावातली जाणती माणसं सुलेमानच्या ओट्यावर यायची थांबली. मशिदीतून परतताना कुणी त्याच्या बरोबरीने चालेना. रहिमा ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. असा दीड महिना गेला.

एका दुपारी ती अंगणात कोलंबीचे सोडे वाळत घालत होती. हातातली टोपली तिने खाली आपटली.

"पोराला मारणाऱ्याला जगवलात," ती म्हणाली. "गावाला नका सांगू. मला सांगा. मी आई हाय त्याची."

सुलेमान खाली बघत राहिला.

"ती आली होती," तो म्हणाला.

"कोण, तुळसा?"

"नाही. तिथली. भर दुपारी, मागच्या दाराने. कडेवर पोर होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या नवऱ्याला फाशी होती. गव्हर्नरसाहेब जेवत होते. जेवताना कुणाला आत सोडायचं नाही, हा नियम माझा. साहेबांचा नव्हता. त्या दाराचा मला तेव्हा फार तोरा होता, रहिमा. मी तिला म्हटलं, साहेब परगावी गेलेत. ती गेली."

रहिमा उभी होती ती खाली बसली.

"सकाळी कॉफी घेऊन गेलो. फाशी होऊन गेली होती. टेबलावर माफीचा कागद होता, सगळा लिहिलेला. सही नव्हती. साहेब नुसते त्याच्याकडे बघत होते. त्या माणसाला फाशी द्या म्हणून सगळं राज्य ओरडत होतं. त्याच्या बाजूने एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत. लोक म्हणाले, दमले."

"तुमाला काय म्हणाले?"

"म्हणाले, 'काल त्याचं कुणीच आलं नाही का, सुलेमान? एका माणसाने त्याच्यासाठी माफी मागितली असती, तरी मी दिली असती.'"

त्याने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मी म्हटलं, 'नाही साहेब. कुणीसुद्धा आलं नाही.'"