पायथ्याचा भराव

"हा रस्ता बुजवावा लागेल," नूतन मॅडम म्हणाल्या, आणि कुशाबाईला वाटलं, आपण भलतंच काही ऐकलं.

मॅडम पुण्याहून आलेल्या इंजिनिअर. दरडी का कोसळतात, याचा अभ्यास केलेल्या. तळेघरच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीच्या मागं डोंगराला भेग पडली होती. कोपरापर्यंत हात आत जात होता. पावसाची झड लागून राहिली होती, आज कुठं उघडीप मिळालेली.

"रस्त्यासाठी पायथा कापला, खालचा आधार गेला. म्हणून वरचा डोंगर सरकतोय. रस्त्याच्या जागी दगडांचा भराव घालून पायथ्याला पुन्हा वजन द्यायचं. दुसरीकडून रस्ता काढता येईल, पण त्याला वेळ लागेल."

कुशाबाईच्या डोक्यात काही शिरेना. डोंगर फाटला वर आणि औषध खाली? रस्ता झाला तेव्हा अशीच शिकलेली माणसं नारळ फोडून, पेढे खाऊन गेली होती. मग तेव्हाची खरी की आजची?

वाडीतलं कुणीच हो म्हणेना, नाहीही म्हणेना. कुशाबाईचा मुलगा सुभाष पोकलेन चालवायचा. डोंगर त्यानंच कापला होता, आता भरावही त्यालाच टाकायचा होता. त्याच्या बायकोचे, श्रेयाचे, दिवस भरत आले होते.

"आई, रातीअपराती तिच्या पोटात दुखाया लागलं आन् रस्ताच नसला, तर?"

कुशाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. मग भेगेकडं. काय खरं, काय खोटं, तिला उमगेना. भेग मात्र कालच्यापेक्षा रुंद झाली होती, तेवढं डोळ्यांना दिसत होतं.

"आदी तिला जीपमधी घाल. तळेघरला मामाकडं सोडून ये," ती म्हणाली. "मंग टाक भराव."

"तू सांगतीस हे? तू?"

"व्हय, मीच. टाक."

दुपारी पहिले दगड रस्त्यावर धडाधड कोसळले. कुशाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"फार रडतायत त्या," मॅडम शेजारच्या जानकाबाईला हळूच म्हणाल्या.

"रडंल न्हाई तर काय? झोळीतून दवाखान्यात नेताना तिचा मालक गेणू वाटंतच गेला," जानकाबाई म्हणाली. "मंग ह्या रस्त्यासाठी कचेरीम्होरं उपाशी बसली ती हीच बाई, मॅडम."